नखांच्या कामातली परिभाषा: शिकाऊ नेल टेक्निशियनचे प्रश्न

नेल एक्स्टेन्शनचा कोर्स सुरू केलेल्या किंवा घरी सराव करणाऱ्या वाचकांचे निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. बहुतेकांची अडचण सारखीच आहे. शिकवणारे भराभर शब्द वापरतात, व्हिडिओतही तेच शब्द कानावर पडतात. पण अमुक शब्द नखाच्या नेमक्या कोणत्या जागेचा आणि तिथे चुकलं तर काय होतं, हे कुणी बोट ठेवून दाखवत नाही. म्हणून उत्तरांत व्याख्यांपेक्षा जागा, माप आणि बिघाड यांवर भर दिला आहे.

प्रश्न: एकीकडे सांगतात क्यूटिकल कधीच कापू नका, दुसरीकडे सांगतात क्यूटिकल स्वच्छ काढल्याशिवाय जेल टिकणार नाही. खरं काय? एपोनिकियम आणि मॅट्रिक्सही समजावून सांगा. (एक वाचक, सांगली)

दोन्ही सूचना बरोबर आहेत, फक्त त्या दोन वेगळ्या गोष्टींबद्दल आहेत. नखाच्या मुळाशी कातडीची जी कड दिसते ती एपोनिकियम. ती जिवंत त्वचा आहे. कापली तर रक्त येतं, जंतूंना वाट मिळते आणि भरून येताना ती पुष्कळदा जास्तच जाड आणि खरखरीत होते. या कडेच्या खालून एक मेलेला, पातळ, जवळजवळ पारदर्शक पापुद्रा नखाला चिकटून नखाबरोबरच पुढे सरकत येतो. तो क्यूटिकल. काढायचा असतो तो हा पापुद्रा. तो राहिला तर जेल, म्हणजे लॅम्पखाली कडक होणारा लेप, नखाला न धरता पापुद्र्याला धरतं, आणि आठवड्याभरात पापुद्रा सुटला की जेलही सुटतं. यालाच लिफ्टिंग म्हणतात.

काढण्याची रीत अशी. क्यूटिकल रिमूव्हरचा एक थेंब फक्त नखावर लावा. त्यात बहुधा पोटॅशियम किंवा सोडियम हायड्रॉक्साइड असतं, म्हणजे ते चांगलंच अल्कधर्मी असतं. बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका. पुशर, म्हणजे चपट्या टोकाचं हत्यार, नखाला शक्य तितका सपाट धरून, दाब न देता, एपोनिकियम अलगद मागे सारा आणि नखावरचा पापुद्रा गोल फिरवत खरवडा. निघालेला भाग पांढुरका, भिजल्या कागदासारखा दिसतो. निपर, म्हणजे कातडी कापायची छोटी पक्कड, वापरायचाच असेल तर लोंबणाऱ्या पांढऱ्या तुकड्यापुरता. शेवटी साबण-पाण्याने रिमूव्हर पूर्ण धुऊन टाका. नवशिके हीच पायरी गाळतात, आणि मग महागडं जेल वापरूनही मुळाशी ते उचलतं.

मॅट्रिक्स एपोनिकियमच्या मागे, कातडीखाली असतो. नख तिथे तयार होतं. अंगठ्याच्या मुळाशी दिसणारा पांढरट अर्धचंद्र म्हणजे ल्युन्युला, मॅट्रिक्सचा डोळ्यांना दिसणारा भाग. नख इथे सगळ्यांत कोवळं असतं. पुशर इथे जोरात रेटला तर पुढे त्या नखावर आडवी खाच उमटते. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, त्यामुळे आज झालेली इजा बाहेर पडून कापली जायला चार ते सहा महिने जातात. पायाच्या अंगठ्याला वर्ष-दीड वर्षही लागतं.

आणखी एक जागा लक्षात ठेवा: हायपोनिकियम. नखाचं पुढचं मोकळं टोक, म्हणजे फ्री एज, जिथे बोटापासून सुटतं तिथे खालच्या बाजूला असलेली ही त्वचा पाणी आणि जंतू आत जाऊ देत नाही. नखाखालचा मळ काढताना धातूचं टोक इथे खुपसलं तर नख खालच्या त्वचेपासून सुटायला लागतं. त्याला ओनिकोलिसिस म्हणतात. सुटलेला भाग पांढरा दिसतो आणि पुन्हा चिकटत नाही. खालून नवं नख वाढत येईपर्यंत वाट पाहावी लागते. मळ काढायला मऊ ब्रश आणि साबण पुरतो.

प्रश्न: किटमध्ये डीहायड्रेटर, ॲसिड प्रायमर, ॲसिड-फ्री प्रायमर आणि बेस कोट अशा चार बाटल्या आल्या. चारही लावायच्या का? पावसाळ्यात लिफ्टिंग वाढतं ते का? (एक वाचक, रत्नागिरी)

चारही कधीच नाही. डीहायड्रेटर नखाच्या वरच्या थरातलं तेल आणि ओल तेवढ्यापुरती काढतो. परिणाम थोडाच वेळ टिकतो, म्हणून दहाही बोटांना लावून मग फोनवर बोलत बसलात तर तो लावला न लावला सारखाच. ॲसिड-फ्री प्रायमर वाळल्यावरही चिकट राहतो आणि दुहेरी टेपसारखा एका बाजूने नख, दुसऱ्या बाजूने जेल धरतो. जेलच्या कामाला हा पुरेसा आहे. ॲसिड प्रायमरमध्ये मेथाक्रिलिक ॲसिड असतं, तो मुख्यतः ॲक्रिलिकसाठी, म्हणजे द्रव आणि पावडर मिसळून केलेल्या नखांसाठी, असतो आणि कातडीला लागला तर भाजतं. नवशिक्यांनी तो बाजूला ठेवलेला बरा. कुठलाही प्रायमर वापरा, ब्रश बाटलीच्या काठावर निथळून नखाच्या मध्यावर एक ठिपका ठेवा; तो आपोआप पसरतो. काठापर्यंत फासला तर कातडीवर वाहतो.

क्रम असा: हात धुऊन पूर्ण कोरडे करणं, क्यूटिकलचं काम, 180 ते 240 ग्रिटच्या फाईलने (ग्रिट म्हणजे फाईलच्या खरखरीतपणाचा आकडा) फक्त चमक घालवणं, कोरड्या ब्रशने धूळ झटकणं, डीहायड्रेटर, लागलाच तर प्रायमर, मग बेस. धूळ झटकल्यानंतर नखाला बोट लावायचं नाही आणि क्लायंटलाही केसांत हात घालू द्यायचा नाही.

पावसाळ्याचं कारण ओलाव्यात आहे. नख पाणी शोषून किंचित पसरतं आणि सुकलं की आकसतं. ओल्या, पसरलेल्या नखावर जेल लावलं की नख आकसताना पकड सैल होते. म्हणून जेल किंवा ॲक्रिलिकच्या आधी हात कोमट पाण्यात भिजवायचे नाहीत. याला ड्राय मॅनिक्युअर म्हणतात. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर क्लायंट पावसातून ओल्या हातांनी येते. हात पुसून दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या, मग काम सुरू करा.

प्रश्न: फाईलवर 100/180 असं लिहिलेलं असतं. मोठा आकडा म्हणजे जास्त खरखरीत का? (एक वाचक, जळगाव)

उलट. आकडा मोठा तेवढी फाईल मऊ. 100/180 म्हणजे एक बाजू 100 ग्रिटची, दुसरी 180 ची. 80 ते 100 ग्रिट ॲक्रिलिकची जाडी उतरवायला, 150 ते 180 कृत्रिम नखाला आकार द्यायला, 180 ते 240 नैसर्गिक नखाला. 100 ग्रिट नैसर्गिक नखावर कधीही नाही. नवी फाईल वापरण्याआधी तिच्या दोन्ही धारा दुसऱ्या फाईलवर घासून बोथट करा, नाहीतर बाजूची कातडी कापली जाते.

प्रश्न: ई-फाईल मशीन 35,000 आरपीएमचं घेतलं. क्लायंटच्या नखावर मुळाशी लाल अर्धगोल उमटला आणि तिला आग झाली. मशीन खराब आहे का? (एक वाचक, पिंपरी)

मशीन बहुधा ठीक आहे. त्या लाल अर्धगोलाला रिंग ऑफ फायर म्हणतात. बिटचं, म्हणजे घासण्यासाठी मशीनमध्ये बसवलेल्या फिरत्या दांडीचं, टोक खाली झुकवल्यामुळे मुळाशी नखाचा थर घासला गेला आहे. बिट नखाला समांतर हवा, त्याचा मधला भाग टेकला पाहिजे आणि टोक किंचित उचललेलं राहिलं पाहिजे. दाब देऊ नका. काम होत नाही असं वाटलं तर दाब न वाढवता बिट बदला. त्या नखावर आता काही आठवडे मशीन लावू नका; खाच वाढून पुढे जाईपर्यंत ती जागा पातळ आणि कमजोर राहणार.

35,000 आरपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे, हा आकडा मशीनची कमाल क्षमता सांगतो. क्यूटिकलच्या कामाला बारीक डायमंड बिट 5,000 आरपीएमच्या आसपास पुरतो. जेल उतरवताना सहसा 10,000 ते 20,000 च्या दरम्यान चालतं. प्रत्येक बिटला त्याच्या उत्पादकाने कमाल वेग ठरवून दिलेला असतो, तो ओलांडू नका. टॉर्क म्हणजे बिट नखावर टेकल्यावरही वेग न पडता फिरत राहण्याची ताकद. स्वस्त मशीन इथे मार खातं: वेग पडतो, म्हणून हात नकळत दाबतो, आणि दाबाने नख तापतं.

बिटचे प्रकार कामावरून ओळखा. कार्बाइडच्या बिटवर कोरलेल्या धारा असतात, त्या जेल किंवा ॲक्रिलिक कापून काढतात. नैसर्गिक नखावर तो टेकवायचा नाही. सिरॅमिक तेच काम थोडं कमी तापून करतो. डायमंड बिट घासतो, कापत नाही. त्याच्या दांड्यावरचा पिवळा पट्टा अतिबारीक, लाल बारीक, निळा मध्यम, हिरवा जाडसर. सँडिंग बँड, म्हणजे मॅन्ड्रेलवर चढवायची कागदी नळी, सर्वांत लवकर तापते आणि एका क्लायंटनंतर टाकून द्यायची असते. एफ/आर (फॉरवर्ड/रिव्हर्स) हे बटण फिरण्याची दिशा बदलतं. डावखुऱ्यांनी आर वर काम करावं, नाहीतर बिट हातातून पळतो आणि धूळ तोंडावर उडते.

प्रश्न: ॲक्रिलिकचा बीड कधी वाहतो, कधी वाळूसारखा सुकतो. मिक्स रेशो म्हणजे नेमकं काय? (एक वाचक, नागपूर)

मिक्स रेशो म्हणजे ब्रशवर द्रव आणि पावडर कोणत्या प्रमाणात आले ते. द्रवाला मोनोमर म्हणतात, तो बहुधा एथिल मेथाक्रिलेट, म्हणजे ईएमए असतो. पावडर म्हणजे पॉलिमर, आणि तिच्यात बेंझॉइल पेरॉक्साइड मिसळलेलं असतं. द्रवातलं अमाइन त्या पेरॉक्साइडला जागं करतं आणि कडक होण्याची क्रिया सुरू होते. म्हणजे पावडर कमी पडली तर क्रिया पुरी व्हायला लागणारं पेरॉक्साइडच कमी पडतं. वजनाने साधारण दीड भाग द्रव आणि एक भाग पावडर हे मध्यम प्रमाण मानतात, पण हाताला ते वजनाने कळत नाही. बीड, म्हणजे ब्रशच्या टोकावर जमलेला ओला गोळा, पाहून कळतं.

ब्रश डॅपन डिशमधल्या, म्हणजे छोट्या वाटीतल्या, द्रवात बुडवून आतले हवेचे बुडबुडे काढा. बाहेर काढताना एक बाजू काठावर निथळा. टोक पावडरमध्ये टेकवून अलगद रेघ ओढा. चांगला बीड गोल असतो, वरून चमकदार पण बारीक संत्र्याच्या सालीसारखा दाणेदार दिसतो, ब्रश उलटा केला तरी गळत नाही. नखावर ठेवल्यावर तो काही सेकंद आकार धरतो, मग हळूच सैलावतो आणि थांबतो. बीडभोवती पाण्यासारखं वलय पसरलं तर तो वेट. असा बीड कातडीवर वाहतो, आकसतो, मुळाशी उचलतो, आणि न जुळलेला मोनोमर उरल्यामुळे ॲलर्जीचा धोका वाढतो. ब्रशवरच दह्याच्या कवडीसारखा खरखरीत, निस्तेज दिसला तर ड्राय. तो नखात नीट बसत नाही आणि ठिसूळ राहतो.

नागपूरकरांनी उन्हाळ्याचा हिशेब वेगळा ठेवावा. उष्णतेत ही क्रिया झपाट्याने होते, त्यामुळे मे महिन्यात तोच हात, तेच प्रमाण, पण बीड दाबेपर्यंत आवळतो. खोली 21 ते 24 अंशांवर ठेवता आली तर उत्तम. नाहीतर एका मोठ्या बीडऐवजी तीन छोटे घ्या. पंख्याचा किंवा एसीचा झोत डॅपन डिशवर येऊ देऊ नका, द्रव उडून जातो. डिसेंबरात उलटी तक्रार असते: खोली फार गार असली तर पृष्ठभागावर बर्फाच्या नक्षीसारख्या रेषा उमटतात. ते क्रिस्टलायझेशन. अशा वेळी क्लायंटचे हात आणि खोली, दोन्ही थोडी उबदार करा.

एक धोक्याची सूचना. काही स्वस्त द्रवांत मिथाइल मेथाक्रिलेट, म्हणजे एमएमए वापरलेलं असतं. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने 1970 च्या दशकातच इजांच्या तक्रारींनंतर निव्वळ एमएमएच्या नखांच्या द्रवांवर कारवाई केली. ते इतकं कडक होतं की बोट कुठे आपटलं तर ॲक्रिलिक तुटण्याऐवजी खालचं नखच उपटून येतं. ओळख: वास फार तीव्र, फाईल करताना चिवट, आणि ॲसिटोनमध्ये नेहमीच्या वेळेत मऊ पडत नाही. घटकांची यादी नसलेली बाटली विकत घेऊ नका, दुकानदार काहीही सांगो.

प्रश्न: सॉफ्ट जेल, हार्ड जेल, बीआयएबी, रबर बेस, पॉलिजेल, डिप पावडर... क्लायंटला काय सांगायचं? (एक वाचक, मडगाव)

क्लायंटला दोनच गोष्टी सांगा: किती मजबूत आणि कसं निघतं. जेल पॉलिश आणि सॉफ्ट जेल ॲसिटोनमध्ये निघतं. हार्ड जेल ॲसिटोनला दाद देत नाही, ते फाईल करूनच उतरवावं लागतं. पण लांबीला सर्वांत खंबीर. बीआयएबी म्हणजे बाटलीतून ब्रशने लावायचं बिल्डर जेल. आपल्याच नखावर ओव्हरले द्यायला किंवा थोडी लांबी काढायला. ओव्हरले म्हणजे लांबी न वाढवता दिलेला मजबुतीचा थर. रबर बेस हा घट्ट पण लवचिक बेस, मऊ, वाकणाऱ्या नखांसाठी. पॉलिजेल ट्यूबमध्ये येतं, त्यात जेल आणि पावडर आधीच मिसळलेली असते. ब्रशला चिकटू नये म्हणून स्लिप सोल्यूशन लागतं, आणि ते जपूनच घ्यायचं, कारण जास्त झालं की पकड जाते. डिप पावडरचा चिकट द्रव सायनोॲक्रिलेट असतो आणि तिला लॅम्प लागत नाही. एकाच बाटलीत सगळ्यांनी बोटं बुडवायची पद्धत अस्वच्छ आहे; पावडर चमच्याने वरून भुरभुरवा.

प्रश्न: लांब नखं दर वेळी मध्यावरच तुटतात. शिक्षिका म्हणाल्या, अपेक्स चुकतोय. अपेक्स, स्ट्रेस एरिया, सी-कर्व्ह हे कसं पाहायचं? (एक वाचक, कोल्हापूर)

स्ट्रेस एरिया म्हणजे नख बोटापासून सुटून मोकळं होतं ती आडवी रेषा आणि तिच्या आसपासचा भाग. टोकावर बसलेला प्रत्येक धक्का इथे येऊन थांबतो. अपेक्स म्हणजे कृत्रिम नखाचा सर्वांत उंच बिंदू. तो स्ट्रेस एरियाला आधार देईल असा, म्हणजे त्या रेषेवर किंवा तिच्या किंचित मागे हवा. तुमचा तो बहुधा पुढे गेलेला आहे किंवा फाईल करताना घासून सपाट झाला आहे.

पाहण्याची पद्धत: क्लायंटचं बोट डोळ्यांच्या पातळीवर आणून बाजूने बघा. मुळाशी थर कागदाइतका पातळ, तिथून हळूहळू चढ, अपेक्स, मग टोकाकडे उतार. मध्ये खड्डा किंवा टेंगूळ नको. मग बोट स्वतःकडे वळवून समोरून, म्हणजे टोकाकडून बघा. दिसणारी कमान म्हणजे सी-कर्व्ह. ती डावी-उजवीकडे सारखी हवी आणि कडेची जाडी सगळीकडे एकसारखी. एटीएम कार्डाची जाडी सुमारे 0.76 मिलिमीटर असते. टोकाला तेवढी जाडी पुष्कळ झाली. शेवटी वरून बघून दोन्ही साइडवॉल, म्हणजे बाजूच्या कडा, सरळ आणि एकमेकींना समांतर आहेत का ते तपासा. एक चकाकती रेषा मदतीला येते: टॉप कोटनंतर, म्हणजे शेवटच्या चकचकीत थरानंतर, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब नखावर लांबट, न मोडता दिसलं तर पृष्ठभाग सम आहे. जिथे रेषा वाकडी होते तिथे खड्डा आहे.

नख कुठे बिघडलं यावरून कारण ओळखता येतं. आडवं तुटलं तर अपेक्स. बाजूला चीर गेली तर साइडवॉल जास्त घासली. मुळाशी उचललं तर पापुद्रा राहिला, कातडीला जेल लागलं किंवा तिथे थराची पायरी राहिली. टोकाला टवका उडाला तर कॅपिंग, म्हणजे टोकाच्या जाडीवर ब्रश फिरवून ते बंद करणं, राहून गेलं. अख्खी टिप, म्हणजे लांबीसाठी चिकटवलेलं तयार टोक, एका तुकड्यात निसटली तर प्रेप, म्हणजे नखाची पूर्वतयारी, कच्चं किंवा टिपचा आकार लहान. टिप दाबून बसवली की ती सतत सपाट होऊ पाहते आणि सुटते. दोन मापांच्या मध्ये अडलात तर मोठी घेऊन कडा फाईल करा. शिकताना पुढे काढलेली लांबी नेल बेडच्या, म्हणजे बोटाला चिकटलेल्या नखाच्या, लांबीपेक्षा जास्त ठेवू नका. लांबी वाढली की तरफ वाढते.

रीबॅलन्स हा शब्द इथूनच येतो. तीन आठवड्यांत नख दोन-अडीच मिलिमीटर पुढे सरकतं, अपेक्सही त्याच्याबरोबर पुढे जातो. त्यामुळे रिफिल करताना मुळाशी उघडी पडलेली जागा भरणं हे अर्धंच काम. टोक उतरवून अपेक्स पुन्हा मागे आणणं हे उरलेलं अर्धं.

प्रश्न: माझा लॅम्प 48 वॅटचा आहे, 60 सेकंद क्युअर करते. तरी दोन क्लायंटना नखांभोवती खाज आली. हीट स्पाइक, अंडर-क्युअर, इनहिबिशन लेयर यांचा याच्याशी संबंध आहे का? (एक वाचक, ठाणे)

संबंध आहे, आणि तक्रार गंभीर आहे. त्या दोघींच्या नखांवर पुन्हा काम करू नका. जेल काढून त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवा आणि वापरलेल्या बाटल्यांची नावं लिहून द्या.

वॅट म्हणजे लॅम्प किती वीज खातो. नखावर किती आणि कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश पडतो हे त्यातून कळत नाही. जेलमधला फोटोइनिशिएटर, म्हणजे कडक होण्याची क्रिया सुरू करणारा घटक, ठरावीक प्रकाशालाच जागा होतो; मग जेलचे घटक एकमेकांशी जुळून ते कडक होतं, तेच क्युअर. नखांचे एलईडी लॅम्प साधारण 365 ते 405 नॅनोमीटरच्या पट्ट्यात प्रकाश देतात. म्हणून जेल ज्या कंपनीचं, लॅम्प शक्यतो त्याच कंपनीने सांगितलेला. जेल अर्ध्याच्या आसपास जुळलं तरी वरून कडक लागतं. कडक लागणं म्हणजे पूर्ण क्युअर नव्हे. आत न जुळलेले घटक उरले की तो अंडर-क्युअर, आणि तेच घटक हळूहळू त्वचेपर्यंत पोचतात. जाड थर, काळा किंवा गच्च पांढरा रंग, धुळीने माखलेले दिवे, आणि तिरका राहिलेला अंगठा ही नेहमीची कारणं. अंगठे वेगळे, सरळ ठेवून क्युअर करा.

क्युअर झाल्यावर वर राहणारा चिकट थर म्हणजे इनहिबिशन लेयर. हवेतला ऑक्सिजन वरच्या थराला पूर्ण जुळू देत नाही, म्हणून तो राहतो; तो दोष नव्हे. पुढचा थर त्यालाच धरतो. शेवटी तो लिंट-फ्री पॅडवर आयसोप्रोपाइल अल्कोहोल घेऊन मुळाकडून टोकाकडे पुसा, आणि तेच पॅड कातडीवरून फिरवू नका. नो-वाइप टॉप कोटवर हा थर राहत नाही. क्रोम पावडर चोळायला नो-वाइप टॉप कोटच लागतो.

हीट स्पाइक म्हणजे लॅम्पमध्ये हात घालताच चटका बसणं. जेल जुळताना उष्णता बाहेर पडते. थर जाड किंवा नख घासून पातळ झालेलं असेल तर ती जास्त जाणवते. क्लायंटला आधीच सांगा, चटका लागला तर हात लगेच बाहेर काढ, चार-पाच सेकंदांनी पुन्हा आत घाल आणि वेळ पूर्ण कर. लॅम्पला लो-हीट सोय असेल तर ती वापरा. फ्लॅश क्युअर, म्हणजे आकार हलू नये म्हणून दिलेले पाच-दहा सेकंद, याला पूर्ण क्युअर समजू नका.

आता खाज. नखांच्या उत्पादनांतल्या मेथाक्रिलेटची ॲलर्जी, विशेषतः एचईएमएची, एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते. लक्षणं: नखांभोवती खाज, बारीक पाण्याचे फोड, नख सुटणं, कधी पापण्यांवर पुरळ, कारण हात डोळ्यांना लागतात. हीच रसायनं दातांच्या काही फिलिंगमध्ये आणि हाडांच्या सिमेंटमध्येही असतात, त्यामुळे पुढे उपचारांतही अडचण येऊ शकते. युरोपीय संघाने 2021 पासून एचईएमए असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिकांच्या वापरापुरती ठेवली, आणि 1 सप्टेंबर 2025 पासून टीपीओ या फोटोइनिशिएटरवर सौंदर्यप्रसाधनांत बंदी घातली. बाटलीवर एचईएमए-फ्री लिहिलेलं असलं तरी तिच्यात दुसरे ॲक्रिलेट असतातच.

कातडीला जेल लागू न देणं हाच खरा बचाव. क्यूटिकलपाशी केसाएवढी फट सोडा. जेल वाहून कातडीवर गेलं, ज्याला फ्लडिंग म्हणतात, तर लॅम्पमध्ये हात घालण्याआधी काडीने ते पूर्ण काढा. क्युअर झाल्यावर खरवडण्यात अर्थ नाही. स्वतःसाठी नायट्राइलचे हातमोजे घाला, लॅटेक्सचे नकोत. पातळ नायट्राइलमधूनही ही रसायनं काही मिनिटांत आरपार जातात, म्हणून मोज्यावर जेल लागलं की मोजा बदला.

प्रश्न: जेलखाली हिरवा डाग आला. बुरशी म्हणायची का? (एक वाचक, नाशिक)

हिरवा डाग बहुधा स्यूडोमोनास या जिवाणूचा असतो, बुरशीचा नाही. जेल उचललेल्या फटीत पाणी साचलं की तो वाढतो. जेल पूर्ण काढा, नख कोरडं आणि उघडं ठेवा, डॉक्टरांना दाखवायला सांगा. वर नवा थर देऊन डाग झाकणं आणि उचललेल्या फटीत ग्लू सोडणं, दोन्ही चूक. त्या नखाला लागलेली फाईल आणि बफर टाकून द्या.

प्रश्न: सॅनिटाइझ, डिसइन्फेक्ट आणि स्टरलाइझ यांत फरक काय? मी निळा दिवा असलेला यूव्ही बॉक्स घेतला आहे. (एक वाचक, अमरावती)

तो बॉक्स फार तर स्वच्छ केलेली हत्यारं ठेवायला चालेल. त्याचा प्रकाश कैचीच्या सांध्यात आणि निपरच्या दात्यांमागे पोचत नाही. सॅनिटाइझ म्हणजे जंतूंचं प्रमाण कमी करणं, जसं हात धुणं. डिसइन्फेक्ट म्हणजे पृष्ठभागावरचे बहुतेक जंतू रसायनाने मारणं. स्टरलाइझ म्हणजे बीजाणूंसकट सगळं मारणं. त्यासाठी ऑटोक्लेव्ह लागतो: 121 अंश सेल्सिअसला, 15 पौंड दाबाखाली, किमान 15 मिनिटं. धातूची हत्यारं आधी साबण-पाण्याने ब्रशने घासा, वाळवा, मग रसायनात पूर्ण बुडवून लेबलवर लिहिलेला वेळ ठेवा. मळ तसाच ठेवून बुडवलं तर रसायन आत पोचत नाही. लाकडी काड्या, बफर आणि साध्या फाईली निर्जंतुक होत नाहीत. त्या एका क्लायंटपुरत्याच.

प्रश्न: न्यूड आणि पांढऱ्या जेलवर हळदीचे पिवळे डाग पडतात. टॉप कोट बदलू का? (एक वाचक, पुणे)

आधी क्युअरची वेळ तपासा. कच्चा राहिलेला टॉप कोट रंग लवकर शोषतो. हळदीतला कर्क्युमिन अल्कोहोलमध्ये विरघळतो, म्हणून डाग ताजा असताना आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसला तर बराच उतरतो. प्रकाशातही तो फिका पडतो. राहिलाच तर टॉप कोट बारीक बफ करून नवा थर द्या. जेवण हाताने आणि भांडी घरी, अशा क्लायंटला आधीच गडद रंग सुचवा आणि भांड्यांसाठी रबरी मोजे.

प्रश्न: सोक-ऑफ करताना जेल सोलून निघत नाही, खरवडावं लागतं. वेळ कमी पडतोय का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

सोक-ऑफ म्हणजे ॲसिटोनमध्ये भिजवून जेल काढणं. तुमचा बहुधा टॉप कोट फोडायचा राहिला. ॲसिटोन चकचकीत टॉप कोटमधून आत जात नाही. 100 किंवा 150 ग्रिटने चमक आणि वरचा थर उतरवा, पण रंगाखालचा बेस दिसू लागला की थांबा. नखाएवढाच कापसाचा तुकडा ॲसिटोनमध्ये भिजवून ठेवा, आजूबाजूच्या कातडीला तेल लावा, फॉइल घट्ट गुंडाळा. 10 ते 15 मिनिटांनी एकच बोट उघडून बघा. जेल सुरकुतून वर आलेलं असेल तर काडीने ढकललं की निघतं. निघालं नाही तर ताजा कापूस लावून आणखी पाच मिनिटं द्या. खरवडलं की नखाचे थर सोबत जातात आणि पांढरे, खडबडीत चट्टे दिसतात. बोटं एकेक करून उघडा. दहाही एकदम उघडली तर ॲसिटोन उडून शेवटच्या बोटांवरचं जेल पुन्हा घट्ट होतं. आणि अर्धा तास गुंडाळूनही ढिम्म हललं नाही, तर ते हार्ड जेल किंवा एमएमए असू शकतं: मग फॉइल बाजूला ठेवून फाईलने उतरवा आणि शेवटचा पातळ थर नखावरच राहू द्या.